६८ किलोची ओळ

आम्ही मूळचे इंदूरचे. मी बँकेतून निवृत्त, वय ७४. लेक-जावई अलास्कात. सप्टेंबरात मूसची शिकार अन् सॅमनची मासेमारी ठरली. परदेशी नागरिकाला तिथे मूसच्या शिकारीला गाइड सक्तीचा, म्हणून माझ्या वाट्याला फक्त गळ. यादी अर्थात माझ्याकडे: तंबू, रायफल, शिधा, सगळं किलोत मांडलं. कायदा असा, की खाण्याजोगं मांस रानात टाकायचं नाही. मोठ्या मूसचं सुमारे २०० किलो भरतं. विमान छोटं, जादा फेरीचे पैसे वेगळे. हिशोब जुळेना. शेवटी ६८ किलोची एक ओळ खोडली. ती माझी होती. जावईबापूंना म्हटलं, गुडघा दुखतोय. लेकीने यादी पाहिली. म्हणाली, "बाबा, एक फेरी वाढवू. ओळ परत लिहा." लिहिली.