तीन तास आणि एक टॉवेल

‘रुस्तम’ हा चित्रपट २०१६ साली आला तेव्हा जाणकारांनी आधी नायकाची पदकं तपासली. कथा १९५९ची आणि छातीवर कारगिल युद्धानंतरच्या पदकाची फीत. नौदलातली माणसं चिडली ते योग्यच होतं. पण त्या चित्रपटातली खरी चूक मला गणवेशावर दिसत नाही.

मूळ प्रकरण मुंबईचं, २७ एप्रिल १९५९चं. प्रेम आहुजाशी असलेले संबंध पत्नीने कबूल केल्यावर कमांडर कावस नानावटींनी तिला आणि मुलांना मेट्रो सिनेमाला सोडलं. मग ते युद्धनौकेवर गेले. रात्री एकट्याने मोटार चालवत अहमदनगरला जायचंय, असं खोटंच सांगून त्यांनी रिव्हॉल्व्हर आणि सहा काडतुसं घेतली. आहुजा ऑफिसात सापडला नाही, म्हणून त्याचं घर गाठलं. झटापटीत गोळ्या सुटल्या, असं बचाव पक्षाचं म्हणणं. आहुजा नुकताच अंघोळ करून आलेला होता. कमरेचा टॉवेल मृतदेहावर जसाच्या तसा होता. रिव्हॉल्व्हरसाठी दोघं झोंबले असते तर तो जागेवर राहिला असता का?

ज्युरीने ८ विरुद्ध १ मतांनी नानावटींना निर्दोष ठरवलं. न्यायाधीशांना ते पटलं नाही. त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं. तिथे सरकारची बाजू यशवंत चंद्रचूड यांनी मांडली, जे पुढे सरन्यायाधीश झाले. शिक्षा जन्मठेपेची झाली. १९६१मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम केली. दुपारी दीडला माणूस घरातून निघतो, चार वीसला खून होतो. मधला वेळ भानावर यायला पुरेसा होता, असं कोर्ट म्हणालं.

‘सिनेमाच आहे, एवढं काय बघायचं?’ हे मला म्हणूनच मान्य होत नाही. प्रेमकथेत घड्याळ चुकलं तर फार बिघडत नाही. गुन्ह्याच्या गोष्टीत मात्र घड्याळावरच माणूस सुटतो किंवा अडकतो.

‘रुस्तम’ने नावं बदलली, आणि ते चालेल. पण विमानवाहू नौकेच्या खरेदीतला भ्रष्टाचार कथेत घालून त्याने नायकाच्या हातातल्या पिस्तुलाला देशभक्तीचं कारण दिलं. मग त्या तीन तासांचा जाब कुणी विचारतच नाही. रागाने पेटलेला नवरा रिव्हॉल्व्हर मिळवण्यासाठी इतकं शांतपणे खोटं कसं बोलला, हा या प्रकरणातला सगळ्यात अवघड आणि सगळ्यात माणसाचा प्रश्न आहे. पटकथेने तो वगळला आणि मेलेल्याला देशद्रोह्यांच्या रांगेत बसवलं. कथानकातलं भगदाड म्हणतात ते मला इथे दिसतं. पदकाची फीत चुकली हे अभ्यासकाला कळतं. हे भगदाड टाळ्यांच्या आवाजात कुणालाच कळत नाही.

खऱ्या खटल्यात आहुजाची बहीण मॅमी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहिली होती. वर्तमानपत्रं आणि गर्दी नानावटींच्या बाजूने असताना तिने आपल्या भावाबद्दल सांगितलं. तिच्या नजरेतून हा चित्रपट कुणीतरी काढायला हवा.