धाक, माया आणि हवंसं असणं

मुलांच्या संगोपनाकडे मानसशास्त्र मुख्यतः दोन अंगांनी पाहतं: घरात माया किती आणि धाक किती. अमेरिकेच्या डायना बॉमरिंड यांनी 1960 च्या दशकात पालकांचे तीन प्रकार मांडले. नुसता हुकूम चालवणारे, नुसते लाड करणारे, आणि नियम घालून देतानाच मुलाचं ऐकून घेणारे. 1983 मध्ये एलिनॉर मॅकोबी आणि जॉन मार्टिन यांनी त्यात चौथा प्रकार घातला, मुलाकडे ज्यांचं लक्षच नाही अशांचा. पुढच्या अभ्यासांतून ढोबळमानाने असं दिसत आलं की ऐकून घेणाऱ्या घरातली मुलं स्वतःवर भरवसा ठेवायला शिकतात, हुकमाखाली वाढलेली आज्ञाधारक पण आतून धास्तावलेली राहतात, लाडावलेल्यांना नकार पचत नाही, आणि दुर्लक्षित मुलांची फरफट सर्वांत जास्त. सातारा-सांगलीकडच्या कुठल्याही आजीला हे सांगितलं तर ‘मग त्यात नवीन ते काय’ असंच ती विचारेल.

पण या मांडणीत आई, बाप आणि मूल एका छपराखाली राहतात असं धरून चाललेलं आहे. इथे ते अनेक पिढ्या खरं नव्हतं. माण, खटाव, आटपाडी, जत हा पट्टा पर्जन्यछायेचा. पाटण-जावळीत पाऊस उदंड, पण जमीन डोंगरउताराची आणि तुकड्यातुकड्यांची. दोन्हीकडून माणूस पोटासाठी बाहेर पडला. पाटण-जावळीचा गडी मुंबईत माथाडी झाला. अपशिंग्यासारख्या गावातून पोरं पलटणीत गेली. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे 46 जवान कामी आले आणि गावाच्या नावालाच ‘मिलिटरी’ चिकटलं. विटा-आटपाडीकडचे लोक गलाईच्या धंद्यात, म्हणजे जुनं सोनं-चांदी आटवून शुद्ध करण्याच्या कामात, देशभरच्या सराफ बाजारांत पसरले. इथल्या कितीतरी मुलांचा बाप आधी मनीऑर्डरीच्या फॉर्मवरचा चार ओळींचा मजकूर होता, पुढे एसटीडी बूथवरचा आवाज झाला आणि आता तो व्हिडिओ कॉलवरचा चेहरा आहे.

अशा घरात माया आणि धाक यांची वाटणी होते. माया आजीकडे, धाक बापाकडे, आणि मध्ये सापडलेल्या आईकडे रोजची कटकट. ‘येऊ दे तुज्या बाला, सांगतेच’ हे वाक्य इथल्या किती मुलांनी ऐकलं असेल याची गणती नाही. त्यातून न दिसणारा बाप नुसती धमकी होऊन बसतो. तो यात्रेला किंवा दिवाळीला येतो तेव्हा त्याच्याकडे जेमतेम आठ-दहा दिवस असतात. त्यात तो एक तर खेळणी-कपड्यांची पिशवी रिकामी करतो, नाही तर वर्षभराचे साठलेले हिशेब चुकते करतो. मूल त्याला बिचकतं, बापाला ते लागतं, आणि मूल जवळ यायच्या आत परतीच्या गाडीची वेळ झालेली असते. इकडे आईने नाही म्हटलेली गोष्ट आजी पदराआडून देते. एका घरात दोन कायदे असले की मूल त्यांच्या फटीतून वाट काढायला शिकतं: एकाला एक सांगायचं, दुसऱ्याला दुसरं. त्याला लबाड म्हणणं सोपं आहे. घरानेच ते शिकवलेलं असतं हे मान्य करणं तेवढं सोपं नाही.

तरीही बाप लांब असला म्हणजे मूल बिघडतंच, असं नाही. एमी वर्नर यांनी हवाईतल्या कवाई बेटावर 1955 मध्ये जन्मलेल्या मुलांचा कित्येक दशकं पाठपुरावा केला. गरिबी, आजार, भांडणं अशा अनेक अडचणींत सापडलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलं धडधाकट मनाची निघाली, आणि त्यांच्या मागे बहुधा एक तरी भरवशाचं मोठं माणूस होतं. ते आई-बापच असायला हवेत असं नव्हतं. वसंतदादा पाटलांचे आई-वडील 1918 च्या साथीत गेले. त्यांना आजीने वाढवलं. देवराष्ट्र्यात जन्मलेल्या यशवंतराव चव्हाणांचे वडीलही ते लहान असतानाच गेले, आणि निरक्षर आई विठाईने कराडात मुलांना मोठं केलं. 1932 मध्ये यशवंतराव तुरुंगात असताना भेटायला आलेल्या शिक्षकांनी माफी मागून सुटण्याची वाट सुचवली, तेव्हा बरोबर आलेल्या विठाईने ती साफ नाकारली. मुलाची काळजी आणि मुलाकडून अपेक्षा, दोन्ही एकाच माणसाच्या ठायी असणं म्हणजे काय, याचं याहून नेमकं उदाहरण सापडणं कठीण. अर्थात मोठ्या माणसांच्या चरित्रांवरून नियम काढू नये. ज्यांना आजी किंवा विठाई लाभली नाही त्यांची चरित्रं कोणी लिहिलेली नाहीत.

कडकपणाबद्दलही असंच काहीसं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. 1927 मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू महाराजांचं नाव मिळालं. घर सोडून आलेली, निरनिराळ्या जातींची ही मुलं एका पंगतीला जेवत, अंगमेहनत करून शिकत. शिस्त आजच्या पालकाला झेपणार नाही इतकी कडक. पण धान्य संपलं तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही मोडून मुलांच्या पोटाची सोय केली, आणि ही गोष्ट मुलांपासून लपलेली नव्हती. कष्ट करायला लावणारी माणसं आपल्यासाठी काय सोसतात हे ज्याला दिसतं, त्याला ते कष्ट शिक्षा वाटत नाहीत.

मारण्याचं समर्थन मात्र यातून निघत नाही. भारतासह सहा देशांत झालेल्या आणि 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं आढळलं की जिथे मार देणं सर्रास मानलं जातं तिथे त्याचा मुलांवरचा परिणाम काहीसा बोथट असतो, पण आक्रमकपणा आणि चिंतेशी असलेलं त्याचं नातं काही तुटत नाही. ‘आम्हीबी मार खाल्लाय, काय झालं?’ या प्रश्नाचं उत्तर एवढंच, की व्हायचं ते थोडं कमी झालं. शाळेतल्या छडीला 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी घातली. घरातल्या पट्ट्यापर्यंत तो कायदा पोचत नाही.

मार न देता, उपाशी न ठेवताही मूल आतून दुखावलं जाऊ शकतं, हे सातारा जिल्ह्याने सगळ्या देशाला दाखवलं. मुलगा हवा असताना आणखी एक मुलगी झाली की तिचं नाव ‘नकुशी’ किंवा ‘नकोसा’ ठेवायचं, म्हणजे देव पुढच्या खेपेला ऐकतो, अशी समजूत होती. ऑक्टोबर 2011 मध्ये जिल्हा परिषदेने गावोगावी शोध घेऊन अशा 285 मुलींचं नव्याने बारसं केलं. नटूनथटून आलेल्या मुलींना नव्या नावाची प्रमाणपत्रं आणि फुलं देण्यात आली. कोणी देवीचं नाव घेतलं, कोणी सिनेनटीचं.

यातल्या बऱ्याच घरांत मुलीचा छळ होत होता असं मुळीच नाही. नाव आजोबांनी ठेवलेलं, आईने त्याच नावाने लाडाने हाक मारलेली, वेणीफणी रोज केलेली. घरच्यांच्या लेखी तो देवाशी केलेला व्यवहार होता, मुलीशी त्याचा संबंध नव्हता. मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड रोनर यांनी आयुष्यभर याच फरकाचा अभ्यास केला. अनेक देशांतल्या निरीक्षणांवरून त्यांनी असं मांडलं की पालकांनी खरोखर काय केलं यापेक्षा मुलाने त्याचा अर्थ काय लावला याला जास्त वजन असतं. आपण नको आहोत असं ज्याला वाटत राहतं ते मूल चिडखोर तरी होतं, नाही तर सतत कोणाच्या तरी आधाराला चिकटतं. स्वतःची किंमत कमी धरतं आणि जगाकडे संशयाने पाहतं. नकुशीला हा अर्थ लावायला फार डोकं चालवावं लागत नव्हतं. हजेरीच्या वेळी बाई रोज तो वर्गासमोर वाचून दाखवत होत्या, आणि वर्ग हसत होता.

नवं नाव कागदावर एका दिवसात आलं. आजीच्या तोंडून जुनं जायला किती काळ लागावा, हा प्रश्न जिल्हा परिषदेच्या आवाक्यातला नव्हता. नावाशिवायही ‘तू पोरगा असतास तर’ हे वाक्य घराघरात जिवंत आहे, आणि ज्या घरांत मुलगाच आहे तिथे ‘शेजारच्याचं पोर बघ’ हे. दोन्हींचा परिणाम एकाच जातीचा.

मूल हे दुखणं शब्दांत सांगत नाही. शाळेच्या वेळेला पोट दुखतं, झोपेत अंथरूण ओलं होतं, शांत पोर अचानक धाकट्याला मारायला लागतं. पहिल्यांदा औषध, मग अंगारा, मग चापट, हा क्रम ठरलेला. मानसिक त्रासासाठी 2022 पासून टेलिमानसची 14416 ही मोफत दूरध्वनी सेवा आहे, पण त्याआधी घरात कोणीतरी ‘काय झालं?’ असं विचारून उत्तरासाठी थांबावं लागतं.

थांबायला वेळ कुठे आहे, यावर सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने 2022 मध्ये एक तोडगा काढला. संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास घरातले टीव्ही-मोबाइल बंद होतात. साडेआठला दुसरा भोंगा. बातम्यांत तो मुलांच्या अभ्यासाचा उपक्रम म्हणून गाजला. पण त्यातली खरी अट मोठ्यांसाठी आहे. मुलाला पुस्तक घ्यायला सांगून बापाने स्वतः रील बघत बसायचं, ही सोय त्यात उरत नाही. नियम एकच आणि तो सगळ्यांना, एवढं झालं तरी दोन कायद्यांची फट बरीचशी बुजते. गलाईवाल्याच्या किंवा फौजीच्या घराला मात्र हा तोडगा जसाच्या तसा लागू पडायचा नाही. तिथे संध्याकाळचा फोन हाच बाप असतो, आणि तिथला प्रश्न फोन बंद करण्याचा नसून त्यावर मार्कांची चौकशी सोडून दुसरं काय बोलायचं, हा आहे.