वेरूळचा प्रवास आणि आमचा नातू

वेरूळच्या लेण्यांचीं वर्णनें वाचकांनीं पुष्कळ वाचलीं असतील. कैलास लेणें कळसापासून पायाकडे कोरीत आणलेलें आहे, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळीं, आठव्या शतकांत, तें मुख्यत्वें घडलें, १९८३ सालीं वेरूळची गणना जागतिक वारशांत झाली, हें सर्व आम्ही वर्गांत वर्षानुवर्षें सांगत आलों. परंतु नऊ वर्षांच्या नातवासह तेथें जाण्यापूर्वीं आम्हांस जें शिकावें लागलें, तें कोणत्याच क्रमिक पुस्तकांत नव्हतें.

आमचा नातू स्वमग्न आहे. तो फार थोडें बोलतो. नित्याचा क्रम मोडला, एकदम गोंगाट झाला, अथवा अनोळखी माणसानें अंगास हात लावला, कीं त्याला तें असह्य होतें. लिओ कॅनर या डॉक्टरांनीं १९४३ सालीं अशा मुलांचें वर्णन प्रसिद्ध केलें. पुढें कित्येक वर्षें, आईच्या मायेंत उणेपणा असल्यानें मूल असें होतें, असें विद्वान्‌ही म्हणत. तें मत साफ चुकीचें ठरलें आहे. मेंदूची घडणच निराळी असते, त्यांत आईचा दोष नसतो. दिव्यांगांच्या हक्कांविषयींच्या २०१६ सालच्या कायद्यांतही स्वमग्नतेचा उल्लेख आहे.

हें ज्ञान आम्हांस उशिरां झालें. दोन वर्षांपूर्वीं एका क्षेत्रीं दर्शनाच्या रांगेंत घंटानाद सुरू होतांच नातू कान झांकून जमिनीवर पडला व किंचाळूं लागला. लोक जमले. मुलांना वळण लावण्यांत जन्म घालविलेले आम्ही चारचौघांत सूनबाईला बोललों, "तूंच याला लाडावून ठेवला आहेस." त्या दिवसापासून घरची मंडळी कोठेंही निघाली, कीं सूनबाई आपण होऊन मागें राही. आम्हांस तें सोयीचें वाटे, हें लिहितांना लाज वाटते.

गेल्या मार्गशीर्षांत छत्रपति संभाजीनगरास दिलेल्या आमच्या कन्येचें बोलावणें आलें. सूनबाई नेहमींप्रमाणें म्हणाली, "मामंजी, आपण सर्व जाऊन या. आम्ही दोघें घरीं राहतों."

आम्ही म्हणालों, "तूं आली नाहींस तर कोणीच जाणार नाहीं. काय काय करावें लागेल तें सांग. आम्ही लिहून घेतों."

तयारीस तीन आठवडे लागले. आगगाडी, आत्याचें घर, निजावयाची खोली, लेणीं आणि परत आपलें घर, अशीं चित्रें वहींत क्रमानें चिकटवून ती वही नातवाला रोज रात्रीं दाखविली. एका दिवशीं एकच स्थळ, असा नियम केला. देवगिरीचा किल्ला पाहण्याची आमची फार इच्छा होती. परंतु तेथील अंधारी म्हणजे काळोखाची, वटवाघळांची वाट. तो बेत सोडला. घृष्णेश्वराचें दर्शन मोठ्यांनीं पाळीपाळीनें घ्यावें, असें ठरलें. वेरूळचीं लेणीं मंगळवारीं बंद असतात आणि सुटीच्या दिवशीं गर्दी लोटते. म्हणून गुरुवारची सकाळ धरली. आवाज रोखणारे कानांवरचे पट्टे, त्याची जुनी चादर, नेहमींच्याच डब्यांतला दहीभात, आणि खिशांत नांव व दूरध्वनीचा क्रमांक लिहिलेला कागद, एवढें सामान वेगळें बांधलें. त्याला असह्य झालें तर कोणीं त्याच्यासह बाहेर पडावें व कोणीं पुढें जावें, हेंही घरींच ठरविलें.

बुधवारीं पाणचक्कीस गेलों. डोंगरांतील पाणी मातीच्या नळांतून आणून तेथें उंच भिंतीवरून हौदांत सोडलें आहे. पूर्वीं त्याच्या जोरावर दर्ग्यांतील फकिरांसाठीं व यात्रेकरूंसाठीं पीठ दळत. नातू त्या धारेपुढें पाऊण तास उभा राहिला. कोणीं घाई केली नाहीं, कारण त्या दिवशीं दुसरें कांहीं पाहावयाचेंच नव्हतें.

दुसरे दिवशीं कैलासाच्या प्रांगणांत शिरून दहा मिनिटें झालीं नाहींत, तोंच एक शाळेची सहल आली. शिट्ट्या आणि हाका खडकाच्या भिंतींत घुमूं लागल्या. पट्टे लावूनही नातू कान दाबून खालीं बसला. एक गृहस्थ उपदेश करावयास पुढें सरसावले. आमच्या जिभेवरही जुनें वाक्य आलें होतें. तें गिळून आम्ही त्यांना म्हणालों, "हा हट्ट नाहीं. त्याला आवाज सोसत नाहीं. थोडी वाट द्या."

ठरल्याप्रमाणें मुलगा व कन्या इतर मुलांना घेऊन पुढें गेलीं. आम्ही आणि सूनबाई नातवाला घेऊन दक्षिणेकडील बौद्ध लेण्यांकडे वळलों. बाराव्या, म्हणजे तीन ताल लेण्याच्या अंगणांत शांतता होती. खांबांच्या सरळ ओळी पाहून तो सावरला, आणि बोट दाखवून एकेक खांब मोजूं लागला. मग आमचा हात धरून त्यानें आम्हांसही तेच खांब मोजावयास लावलें. सूनबाई पायरीवर बसून बराच वेळ लेण्याकडे पाहत होती. "मामंजी," ती म्हणाली, "पुष्कळ वर्षांनीं कांहीं निवांत पाहिलें."

कैलास आम्हीं पुरता पाहिला नाहीं, त्याची खंत नाहीं. कळसापासून कोरणाऱ्यांना पहिला घाव घालण्यापूर्वींच तळाचा विचार करणें भाग होतें, कारण फुटलेला दगड पुन्हा जोडतां येत नाहीं. चारचौघांत बोललेला शब्दही आम्हांस परत घेतां आला नाहीं. पुढची वाट मात्र आखतां आली. ज्या घरांत असें मूल असेल, तेथील वडिलांनीं त्याला मागें ठेवण्यापूर्वीं एक कोरी वही घेऊन त्याच्या आईपाशीं बसावें, एवढेंच आमचें सांगणें आहे.