डेल्कोचा गियर

आण्णांनी दोन म्हशी विकून आणि वर सोसायटीचं कर्ज काढून जुनी अँबॅसिडर घेतली, तेव्हा आई आठ दिवस त्यांच्याशी धड बोलली नव्हती. "दूध देणारं जनावर विकलं आन् पेट्रोल पिणारं दारात बांधलं," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. पण आमच्या तासगावकडच्या गावातनं रात्री-अपरात्री मिरजेला दवाखान्यात न्यायला दुसरं साधन नव्हतं. बाळंतिणी, साप चावलेले, छातीत कळ आलेली म्हातारी माणसं, सगळी त्याच मागच्या सीटवरनं गेली. लगीनसराईत त्याच सीटवर नवरा-नवरी बसायची.

१९८८ साली मी बारावीला नापास झालो आणि गाडीची देखभाल माझ्याकडं आली. धुणं, पाणी बघणं, वेळच्या वेळी इंजिनचं ऑइल बदलणं. आण्णांनी ऑइलला पैसे दिले की मी सांगलीला जायचो. पहिल्यांदा खरंच बदललं. पुढच्या दोन खेपेला त्या पैशात पिक्चर बघितला, मिसळ खाल्ली आणि घरी येऊन सांगितलं, "बदललं." दांडीवर तेल डांबरासारखं काळं दिसत होतं. बघणारा मीच होतो.

मग गाडी मिसिंग करायला लागली. चढाला फाट्फाट् आवाज काढायची. पॉइंट घासले, प्लग साफ केले, तेवढ्यापुरती सुधारायची. श्रावणातल्या एका रात्री शेजारच्या घरातली लेक बाळंतपणाला अडली. तिला घेऊन निघालो आणि निम्म्या वाटेत इंजिन एकदम मेलं. पाऊस, अंधार, मागं कण्हणारी पोरगी. मी हँडल मारून मारून हाताची सालं काढली. शेवटी दुधाचा एक टेम्पो थांबला आणि तिला घेऊन गेला. ती सुखरूप सुटली, पोरगं झालं. पण त्या रात्री बंद गाडीत आण्णांच्या शेजारी बसून मी जो गप्प होतो, तो थंडीनं नव्हे.

सकाळी ट्रॅक्टरला दोर लावून गाडी मिरजेला चाचांच्या गॅरेजात नेली. चाचा जुने मिस्त्री. त्यांनी डेल्कोचं टोपण काढलं आणि मला म्हणाले, "हँडल मार बेटा, हळू." मी मारलं. आतला रोटर थोडा हलला आणि थांबला. इंजिन फिरतंय, रोटर उभा. "इंजिन बरं हाय. वेळ सांगणारा मेलाय," चाचा म्हणाले.

त्यांनी डेल्को उतरवला, त्याच्या बैठकीचा स्क्रू काढला. आत एक छोटा दांडा असतो, त्याला तिरक्या दातांचा गियर. कॅमशाफ्ट त्याला फिरवतो, तो डेल्कोला. दांड्याच्या डोक्यात आटे असतात. चाचांनी त्यात अडीच सुताचा, साडेतीन इंच लांब बोल्ट पिळला आणि स्क्रूसारखा फिरवत दांडा वर ओढला. गियरचे दात झिजून पात्यासारखे झालेले, काही तुटलेले. आण्णांचा चेहरा उतरला. चाचांनी बॅटरी लावून भोकातनं कॅमशाफ्टचे दात बघितले, मला हँडल फिरवायला लावून एकेक दात बघितला. ते खराब असते तर अख्खा कॅमशाफ्ट बदलावा लागला असता, आणि मग गाडी विकायचीच वेळ आली असती. ते शाबूत निघाले.

तुटलेले दात काढायला खालचा चेंबर खोलला. तळाला बोटभर काळा चिखल. चाचांनी तो बोटावर घेतला, चोळला आणि माझ्याकडं बघितलं. आण्णा तेव्हा चहा सांगायला गेले होते. चाचा काही बोलले नाहीत. फडक्याला हात पुसून म्हणाले, "नवा गियर तू बसवायचा."

कोल्हापूरच्या उद्यमनगरातनं गियर आला. मी पुलीवरची खाच टायमिंग कव्हरच्या लांब काट्यासमोर आणली, म्हणजे एक नंबरचा पिस्टन टॉपला. गियर आत सोडला, डेल्को बसवला, वायरी एक-तीन-चार-दोन लावल्या. स्टार्टर मारला तर कार्बोरेटरमधनं बार उडाला.

चाचा हसले. "पिस्टन दोनदा वर येतो बेटा. एकदा दाब घेऊन, एकदा धूर सोडायला. खाच दोन्ही वेळेला तिथंच येती." इंजिन दोन फेरे घेतं तेव्हा डेल्को एक घेतो. डेल्कोचा खाचा एका बाजूला सरकलेला असल्यानं तो एकाच रीतीनं बसतो. पण खालचा गियर कसाही बसतो, आणि मी तो बरोबर उलटा बसवला होता.

पुन्हा सगळं काढलं. या खेपेला रेडिएटरकडचा पहिला प्लग काढून भोकावर अंगठा दाबून धरला. हँडल फिरताना हवेनं अंगठा उडवला, तेव्हा खाच काट्यासमोर आणली. गियर सोडताना वरच्या खाचेचा मोठा भाग वर आणि खाच आडवीच्या जरा खाली धरायची. दात तिरके असल्यानं आत जाता जाता तो आपोआप डावीकडं वळतो आणि खाच घड्याळातल्या एकच्या काट्यावर येऊन थांबते. तशी थांबली. पॉइंटची फट पंधरा थाऊ ठेवली, छोटा बल्ब लावून पॉइंट कधी उघडतात ते बघत डेल्को बारीक फिरवला आणि आवळला. पहिल्याच स्टार्टरला इंजिन लागलं. आण्णांनी बॉनेटवर हात ठेवला, जनावराच्या पाठीवर ठेवतात तसा.

परतताना विहिरीच्या वळणाला मी सांगून टाकलं. ऑइलचे पैसे, पिक्चर, सगळं. आण्णा बराच वेळ समोर बघत गाडी चालवत राहिले.

"मला ठाव हुतं," ते म्हणाले. "ऑइल घेतलं की रिकामा डबा घरी येतो, तुझी आई त्यात रॉकेल ठेवती. दोन डबे आलेच न्हाईत."

"मग बोलला का न्हाई?"

"तू बोलतोस का बघत हुतो."

पुढं गाडी होती तोवर ऑइल मीच बदललं. आणि दर वेळी रिकामा डबा आधी आईपुढं नेऊन ठेवला.