नटसंचात नाव नसलेला

‘चारचौघी’च्या जाहिरातीत याचं नाव कधी छापून आलं नाही. नाटक संपल्यावर नट रांगेत उभे राहून नमस्कार करतात, तेव्हाही हा आपला टेबलावरच. पण नाटकातली विद्या रिसीव्हर उचलून नवऱ्याशी बोलू लागते, त्यानंतरची वीसेक मिनिटं नाटक दोघांचं असतं: तिचं आणि या लँडलाइन फोनचं.

याची वायर कुठंच जोडलेली नाही. घंटा वाजते ती विंगेतून. कानाला लावला तर आत शुकशुकाट. पहिल्या रांगेतल्या माणसाला हे सगळं ठाऊक असतं, तरी विद्या गप्प झाली की तो कान टवकारतो. पलीकडचा नवरा दिसत नाही, त्याचा आवाजही येत नाही. तो काय बोलला असेल, हे जो तो आपल्या ओळखीतल्या नवऱ्यांवरून ठरवतो. आणि शेजारी बसलेली बायको काय ठरवत असेल, या विचारानं थोडा अवघडतोही.

प्रशांत दळवींचं हे नाटक चंद्रकांत कुलकर्णींनी १९९१मध्ये बसवलं. दोघंही आमच्या गावचे, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादचे. त्यांची ‘जिगीषा’ ही नाट्यसंस्था इथलीच. ऐंशीच्या दशकात ही मंडळी मुंबईला गेली. तो काळ एसटीडी बूथचा. घरी फोन यायला वर्षं लागायची, म्हणून लोक रात्री दर उतरले की बूथवर रांग लावायचे. काचेबाहेर ताटकळणाऱ्याला आतल्या माणसाचं अर्धंच बोलणं ऐकू यायचं, उरलेलं तो मनानं रचायचा. मला वाटतं, या प्रवेशाचा प्रेक्षक तिथंच तयार झाला होता.

फोनचा स्वभाव मात्र कडक. वायर पुरेल तेवढंच नटीनं हलायचं. मोबाइल कानाला लावून माणूस बोलता बोलता गॅलरीत जातो, जिन्यावर जातो, म्हणजे बोलण्यातून निसटतो. इथं ती सोय नाही. संताप असो, रडू असो, सगळं त्या टेबलाच्या आसपास. शिवाय याच्याशी बोलताना थांबायचं किती, हे नटीनंच ठरवायचं. पलीकडच्या न लिहिलेल्या वाक्याला लागेल तेवढाच वेळ द्यायचा. कमी दिला तर नवरा खोटा, जास्त दिला तर नटी वाक्य विसरली असं वाटतं. वंदना गुप्ते यांनी हे गणित सांभाळलं, आणि २०२२मध्ये नाटक पुन्हा आलं तेव्हा मुक्ता बर्वे यांनी.

चंद्रकांत कुलकर्णींच्या कामात गैरहजर माणसाला इतका मान कसा, याचं मला नेहमी कुतूहल वाटतं. महेश एलकुंचवारांची वाडा-त्रयी त्यांनी १९९४मध्ये एकाच दिवशी सलग दाखवली, जवळपास नऊ तास. त्यातल्या ‘वाडा चिरेबंदी’त सगळी धुसफूस चालते ती गेलेल्या तात्याजींभोवती. ‘ध्यानीमनी’ या नाटकात आईबाप ज्या मुलात गुंतलेत, तो मुलगा मुळात नाहीच. त्यांच्या ‘बिनधास्त’ या १९९९च्या सिनेमात जवळजवळ सगळ्या भूमिका बायकांच्या, पुरुष पडद्याबाहेर. म्हणजे फोनच्या पलीकडेच म्हणा ना.

नाटकात हे जमतं, कारण प्रेक्षक उरलेलं भरून काढायला तयार असतो. सिनेमाची आणि मालिकेची सवय उलटी. घंटा वाजली की कॅमेरा लगेच पलीकडच्या खोलीत जातो, पलीकडचा चेहरा दाखवतो, आणि आपला फोन बिचारा नुसती वस्तू होऊन बसतो. म्हणून ‘ध्यानीमनी’चा सिनेमा २०१७मध्ये त्यांनीच केला, तेव्हा ते मला धाडसाचं वाटलं. जो मुलगाच नाही, त्याची खोली कॅमेऱ्यासमोर ठेवायची तरी कशी? रंगमंचावर ज्याकडे नुसतं बोट दाखवून भागतं, ते तिथं रिकामंच दिसणार. माझं मत विचाराल तर नाटक सरस. पण हा प्रश्न अंगावर घेणारे दिग्दर्शक थोडे.

कुलकर्णींच्या सिनेमांपैकी ‘आजचा दिवस माझा’ला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, ‘तुकाराम’ आला, ‘कायद्याचं बोला’तून मकरंद अनासपुरेंची बोली महाराष्ट्रभर पोचली. आमच्या फोनला यातलं काहीच मिळालं नाही. तो जुन्याच नाटकात राहिला.

नव्या संचात त्याला एक प्रतिस्पर्धी मात्र भेटला, तोही प्रेक्षागृहात. तिसऱ्या घंटेआधी मोबाइल बंद करण्याची विनंती होते, सगळे मान डोलावतात. आणि विद्या नेमकी गप्प झालेली असताना कुणाच्या तरी खिशातून गाणं सुरू होतं. माणूस दचकतो, खिसे चाचपतो, आणि कहर म्हणजे कधीकधी उचलतोसुद्धा, ‘नाटकात आहे, मग करतो’ म्हणून.