मागे बसणाऱ्याचा भरवसा

मी एका कार्यालयात कारकून आहे. बी.कॉम. झाल्यापासून आकडे जुळवणे हेच माझे काम. कॅशबुक आणि हातातली शिल्लक जुळल्याशिवाय मी कधी सही केली नाही. पाच रुपयांचा फरक निघाला तरी दिवेलागणीपर्यंत बसून तो शोधला आहे. हाच माणूस घरची मोटारसायकल मात्र न बघता बाहेर काढत असे. पेट्रोल आहे ना, एवढे पाहायचे, किक मारायची आणि निघायचे. त्याची किंमत माझ्या पत्नीने मोजली, म्हणून हे लिहीत आहे.

आमचे घर रेवदंड्याजवळ, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. या खाऱ्या वाऱ्यात लोखंड टिकत नाही. खिडकीचे गज, दाराच्या बिजागऱ्या, पंपाचे बोल्ट, सगळे गंजते. त्यात पावसाचे चार महिने. माझ्या गाडीच्या डाव्या बाजूचे साडी गार्ड असेच गंजले आणि खड्ड्याखड्ड्याला खडखड वाजू लागले. एक दिवस वैतागून मी ते काढले आणि पडवीत टाकले. पुढच्या रविवारी वेल्डिंग करून घेऊ म्हटले. तो रविवार दोन महिने उजाडला नाही. कधी विहारात बैठक, कधी कुणाचे रेशनकार्ड, कधी मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज. कामे समाजाची होती, म्हणून आपण टाळाटाळ करतो आहोत असे मला वाटलेच नाही.

2018 च्या डिसेंबरात नांदगावला नातेवाइकांकडे बारशाला निघालो. साळावचा पूल ओलांडला, कोर्लई मागे पडले. पत्नी नेहमीप्रमाणे डाव्या बाजूला पाय सोडून बसली होती. वाऱ्याने पदर सुटला, मागच्या चाकाच्या तारांत शिरला आणि तिला खाली खेचून गेला. मला गाडी एकदम जड झाल्यासारखी वाटली, तेवढेच. वळून पाहतो तर ती रस्त्यावर, आणि पदर चाकात गुंडाळलेला. वेग कमी होता म्हणून निभावले. मासळी विकायला बसलेली एक मावशी टोपली टाकून धावत आली आणि हातातल्या सुरीने तिने पदर कापला. पत्नीचे मनगट मोडले, कपाळाला सात टाके पडले. हेल्मेट एकच होते, आणि ते माझ्या डोक्यावर होते.

रात्री ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, "अहो, मला मागे बसून काय दिसतं? मी तुमच्या भरवशावर बसते."

पुढे मी नियम काढून वाचले. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला 123 वा नियम याच गोष्टीसाठी आहे. मागे बसणाऱ्याला धरायला मूठ, पाय ठेवायला जागा आणि कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारे संरक्षण, या तिन्ही गोष्टी मोटारसायकलला असल्याच पाहिजेत. गाडी रुबाबदार दिसावी म्हणून आपली तरुण मुले आधी तेच काढतात. मी तर वाजते म्हणून काढले होते.

आता निघण्यापूर्वी मी गाडीभोवती एक चक्कर मारतो. पाच मिनिटे पुरतात. सुरुवात टायरपासून. हवा गाडी थंड असताना तपासावी. मागे माणूस बसणार असेल तर मागच्या चाकात हवा जास्त लागते. किती, ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. टायरच्या खाचांत झिजेची खूण म्हणून बारीक उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या पातळीला आला की बदलायचा. चाकाच्या तारा पान्ह्याने हलक्या वाजवून पाहाव्यात, सैल तारेचा आवाज वेगळा येतो. मग इंजिन बंद ठेवूनच चेन बोटाने खालीवर हलवून बघावी. फार सैल असेल तर उतरते, फार ताणलेली असेल तर लवकर झिजते. गाडी चार पावले ढकलून हाताचा आणि पायाचा ब्रेक वेगवेगळा दाबावा, मागचा लाल दिवा लागतो का तेही पाहावे. हॉर्न, इंडिकेटर, आरसे बघावेत. शेवटी साइड स्टँड वर घेतला का, ते बघूनच निघावे.

किनाऱ्यावरच्या लोकांनी आणखी एक पाळावे. गाडी पुळणीवर नेली असेल तर घरी येऊन गोड्या पाण्याने धुवावी, सुकल्यावर चेनला तेल द्यावे. ओले ब्रेक सुरुवातीला नीट लागत नाहीत, म्हणून हळू चालवत ते दोन-चार वेळा दाबून घ्यावेत.

हेल्मेट दोन हवीत, आणि दोन्ही आयएसआय खुणेची. 1 जून 2021 पासून तशी खूण नसलेली हेल्मेट विकायलाही बंदी आहे. लहान मुलांसाठीही नियम झाला आहे: नऊ महिन्यांवरील आणि चार वर्षांपर्यंतच्या मुलाला हेल्मेट आणि चालवणाऱ्याला बांधून ठेवणारा पट्टा हवा, आणि वेग ताशी 40 किलोमीटरच्या वर नको. आपल्या वस्तीत एका गाडीवर चौघे जातात, हे मला माहीत आहे. एस.टी. वेळेवर येत नाही, रिक्षाला पैसे पडतात, हेही माहीत आहे. पण गाडी दोघांसाठीच बनवलेली असते. दोन फेऱ्या माराव्यात.

पत्नीचे मनगट थंडीत अजून दुखते. साडी गार्ड मी त्याच आठवड्यात नवे बसवले. आता बसण्यापूर्वी ती स्वतः वाकून ते हलवून बघते, पदर कमरेला खोचते, हेल्मेटचा पट्टा लावते आणि मगच म्हणते, "चला." ती तपासते याचा मला कमीपणा वाटत नाही. हिशेब दोघांनी तपासलेला बरा.

वाचक बांधवांनो, तुमच्याही पडवीत, माळ्यावर असे एखादे साडी गार्ड पडले असेल. येत्या रविवारी आधी ते बसवा, मग बैठकीला या.