क्रमवार म्हणजे नक्की कुठल्या रांगेत?

शिष्यवृत्तीची तयारी केलेल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा : १ ते १०० मध्ये मूळ संख्या २५, जोडमूळ संख्यांच्या जोड्या ८. का, ते विचारू नका. पाठ आहे ना, झालं तर.

तर झालं असं, की गेल्या शनिवारी राजारामपुरीत ताईकडे गेलो, तर भाची तोंड फुगवून बसलेली. क्लासमध्ये प्रश्न होता : दोन क्रमवार मूळ संख्यांची बेरीज ३०, तर त्या संख्या कोणत्या? हिनं लिहिलं, "अशा संख्याच नाहीत." लाल फुली!

"का नाहीत गं?"

"मामा, क्रमवार म्हणजे एकापुढं एक की. त्यातली एक सम असणारच. आणि २ सोडून सम संख्या मूळ नसतेच. मग २ आणि ३ सोडून जोडी मिळणार कुठनं? मी सरांना सांगणार होतो, पण सगळे हसले. मग गप बसलो."

(आमच्या कोल्हापुरात मुली 'गप बसलो'च म्हणतात. पुण्यातल्या रूममेटला हे अजून पचलेलं नाही.)

उत्तर होतं १३ आणि १७. सरांची रांग फक्त मूळ संख्यांची : १३ नंतर थेट १७, मधल्या १४, १५, १६ संयुक्त, त्यांना रांगेत जागा नाही. हिची रांग सगळ्या संख्यांची. शब्द एकच, रांगा दोन. ऑफिसात अशाच एका शब्दावरून क्लायंटशी तीन-तीन तास कॉल चालतात आणि त्याला रिक्वायरमेंट क्लॅरिफिकेशन म्हणतात. पाचवीतल्या पोरीला मात्र फुली.

आणि तिनं जे लिहिलं ती चक्क सिद्धता आहे हो! एकही संख्या न तपासता, सगळ्या संख्यांबद्दल. मला फुलीपेक्षा ते 'गप बसलो' जास्त लागलं. ताईला म्हटलं, सरांशी बोल. ती म्हणाली, "कशाला उगीच, परीक्षा तोंडावर आलीय."

मग आम्ही दोघंच बसलो. ३, ५, ७ सारखं तिळं पुढं सापडतं का? नाही, कारण अशा तिघांत एक ३ च्या पाढ्यातली असतेच. हे तिचं तिनंच काढलं. जोडमूळ जोड्या कधी संपतात का, हे मात्र जगात अजून कुणालाच सिद्ध करता आलेलं नाही, म्हटल्यावर तिचे डोळे बघण्यासारखे झाले.

असो. सलग संख्यांचाच नाद असेल तर आपले द. रा. कापरेकर आहेत. १९३० ते १९६२ देवळालीच्या शाळेत मास्तर. स्वतःच्या अंकांच्या बेरजेनं भाग जाणाऱ्या संख्येला त्यांनी 'हर्षद' नाव दिलं. ११०, १११, ११२ या सलग तीन हर्षद. अशा जास्तीत जास्त २०च सलग असू शकतात, हे १९९३ साली कूपर आणि केनेडी यांनी सिद्ध केलं. २० राहू द्या, सलग चार हवे असतील तर ५१० पासून भागून बघा.